ऑर्गन वाजला की टरटरायचं कोण?

इंग्लंडमधल्या आमच्या गावच्या चर्चमध्ये ऑर्गनचे खालचे सूर लागले की कुठेतरी काहीतरी टरटरायचं. सगळे गात असले की कळायचं नाही, पण प्रभुभोजनाच्या वेळच्या हलक्या वाजवण्यात हमखास. मी मूळचा नगरचा, पेटीवर भजनं म्हणत वाढलेला. पेटीचा सूर टरटरला तर त्याच्या जिभेखालून कागदाची कड फिरवायची, कचरा निघतो, झालं काम. इथे पाइपच शेकडो, आणि आवाज पाइपचाच आहे कशावरून?

आधी तेच ठरवलं. स्टॉप म्हणजे एका जातीच्या पाइपांचा संच. पायाने वाजवायच्या १६ फुटी स्टॉपचा सर्वांत खालचा ‘सी’ हा सूर साधारण ३३ हर्ट्झचा, त्याच्या वरच्या सप्तकातला ६५ चा. हाताच्या ८ फुटी स्टॉपचा सर्वांत खालचा ‘सी’सुद्धा ६५ चाच. म्हणजे सूर एकच, पाइप वेगळे. दोन्हींवर टरटरलं तर इमारतीतलं काहीतरी. एकावरच टरटरलं तर तो पाइप. ऑर्गन वाजवणाऱ्या बाई एकेक सूर धरून बसल्या, मी वहीत खुणा करत फिरलो. बहुतेक खुणा इमारतीच्या नावावर पडल्या.

मग एका मंगळवारी सगळं चिडीचूप! कारण थंडी. हीटर फक्त रविवारी लागतो. हवा तापली की पाइपांचा सूर चढतो. १० अंशांना अर्ध्या स्वराचा जवळपास तिसरा हिस्सा. तेवढ्याने सूर सैल वस्तूच्या कंपनाशी जुळतो, नाहीतर हुकतो. तेव्हा शोधही हीटर लावूनच घ्यावा लागला. खजिनदारांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

दगडी भिंतींत आवाज असा घुमतो की कानावर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. बाईंनी सूर धरायचा आणि मी दिसेल त्या वस्तूवर हात ठेवायचा, असं चाललं. रंगीत काचांचे तावदान शिशाच्या पट्ट्यांत जोडलेलं असतं आणि तांब्याच्या तारांनी लोखंडी गजांना बांधलेलं. दक्षिणेकडच्या खिडकीत एक तार तुटली होती. शिशावर बोट टेकवलं की आवाज बंद, उचललं की सुरू. काचकाम करणाऱ्याने नवी तार बांधली. गीतांचे क्रमांक लावायच्या फळीतल्या पाट्याही थरथरत होत्या. मागे फेल्ट चिकटवलं.

एक सूर मात्र १६ फुटीवरच टरटरत राहिला. त्या लाकडी पाइपला आम्ही हात लावला नाही. ट्यूनर नेहमीच्या फेरीला आला, तेव्हा पाइपच्या तोंडावरच्या फळीचा स्क्रू सैल निघाला. त्याने तो आवळला, शेजारच्या पाइपांचेही तपासले.