डिप्लोमाला 78, डिग्रीला 56: "एवढे कमी का?" या प्रश्नाचा माझा अनुभव

मेकॅनिकलची डिग्री हातात आल्यावर सात इंटरव्ह्यू दिले. सातही ठिकाणी हा प्रश्न आला, आणि पहिल्या चार ठिकाणी मी उत्तर घालवलं. प्रश्न रास्त आहे. राग याचा येतो, की कॉलेजात टाय बांधायला शिकवण्यासाठी बाहेरून माणूस आणतात आणि राहिलेले विषय कसे सांगायचे यावर कुणी चकार शब्द काढत नाही.

अर्ज, ॲप्टिट्यूड वगैरे निभावतं. फक्त '60 थ्रूआउट' (दहावीपासून सगळीकडे किमान 60 टक्के) असेल तिथे 59.6 चे 60 करून भरू नका. ऑफरनंतर मार्कशीट तपासतात. तेव्हा नोकरी जाते ती खोटं लिहिल्याबद्दल. सीजीपीएचे (सगळ्या सेमिस्टरच्या ग्रेडची दहापैकी सरासरी) टक्के करतानाही आपल्या विद्यापीठाचंच सूत्र धरा. 9.5 ने गुणायची सवय सीबीएसईच्या दहावीत पूर्वी सीजीपीए असायचा, त्यावरून आली आहे. त्या हिशेबाने 6.2 चे 58.9 टक्के होतात; काही विद्यापीठांच्या सूत्राने 0.75 वजा करून दहाने गुणलं तर 54.5. एवढा फरक कुणाच्याही डोळ्यांत येतो.

आता तो प्रश्न. "पेपर कडक तपासले", "शिकवणारे बरोबर नव्हते" म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "मग तुमच्या वर्गातले बाकीचे कसे सुटले?" इथून पुढे वाट नाही. दुसरी चूक रडगाण्याची. आजारपण, नापिकी, कर्ज सगळं खरं असतं, पण पाच मिनिटं तेच चाललं की समोरचा नुसती मान हलवतो आणि कामाचं काही विचारतच नाही. तिसरी चूक मला सगळ्यात महाग पडली. उत्तर नीट देऊन झाल्यावर समोरचा फाइल चाळत गप्प बसतो, ती शांतता सोसवत नाही, म्हणून आपण आणखी एक कारण जोडतो, मग आणखी एक. दोन कारणं सांगितली की दोन्ही बहाणे वाटतात. पाणी प्या, पण गप्प बसा.

चार वाक्यं पुरतात, 40 ते 45 सेकंद. मोबाइलवर रेकॉर्ड करून मोजा, पहिल्यांदा दोन मिनिटं भरतील.

पहिल्या वाक्यात काय राहिलं ते आपणच सांगायचं, विषयाच्या नावासकट: "दुसऱ्या वर्षी पाच विषय राहिले, त्यात एम-थ्री आणि एसओएम, एक वर्ष गेलं." (एम-थ्री म्हणजे तिसऱ्या सेमिस्टरचं गणित, एसओएम म्हणजे स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स.) वायडी, म्हणजे वाया गेलेलं वर्ष, लपवली तरी मार्कशीटच्या तारखा बोलतात.

दुसऱ्यात एकच कारण, तेही तपासता येईल असं. डिप्लोमावरून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांनी पहिल्या वर्षाचं गणित केलेलं नसतं आणि एम-थ्रीत लाप्लास ट्रान्सफॉर्म समोर उभा राहतो. इंटिग्रेशन कच्चं, तर गाडी तिथेच रुतते. शेतीचं कारण असेल तर "घरी काम असायचं" हे फार मोघम झालं. "शेतीपंपाची वीज आठवड्याआड रात्रीची यायची, वर्षभर केळीच्या बागेची मोटर मीच बघायचो, आता भाऊ बघतो" असं सांगा. तो "आता भाऊ बघतो" विसरू नका. हा गडी उद्या रात्रपाळीच्या वेळी बागेत असेल की काय, ही समोरच्याची खरी धास्ती असते.

तिसऱ्यात काय बदललं: कोणत्या सेमिस्टरपासून ऑल क्लिअर, शेवटच्या दोन सेमिस्टरचा एसजीपीए (त्या-त्या सेमिस्टरची सरासरी) किती. चौथ्यात हाताने केलेलं काम: प्रोजेक्ट, ॲप्रेंटिसशिप, किती महिने, कोणत्या मशीनवर. मग थांबा.

आणि ज्या विषयाचं नाव घेतलं, तोच विषय विचारतात, भो! एसओएम म्हटलं की कागद पुढे सरकवतात: "काढा बीम." दोन टोकांना टेकलेला 6 मीटरचा बीम (आडवी तुळई), मधोमध 10 किलोन्यूटन भार, रिॲक्शन 5-5, कमाल बेंडिंग मोमेंट (बीम वाकवणारा परिणाम) मध्यावर, 15 किलोन्यूटन-मीटर. त्याच बीमवर भार सगळीकडे सारखा, मीटरला 2 किलोन्यूटन, तर 9. दोन्हींच्या आकृत्या हाताने काढता आल्या पाहिजेत: पहिल्यात मोमेंटचा त्रिकोण, दुसऱ्यात पॅराबोला. शिअर फोर्स (बीम आडवा कापू पाहणारा जोर) शून्य ओलांडतो तिथेच मोमेंट कमाल का, हेही तोंडी सांगता यावं. राहिलेल्या प्रत्येक विषयातली अशी पाच-सहा गणितं पक्की करा. पाचव्या ठिकाणी मी बीम बरोबर काढला, त्यानंतर टक्क्यांचा विषय तिथे पुन्हा निघाला नाही. खोटं कशाला बोलू, बाहेर येऊन चहा जरा ऐटीतच प्यायलो.

फाइलचं आधी सांगायला हवं होतं. नापास सेमिस्टरच्या मार्कशीटही क्रमाने लावा. काढून ठेवल्या की तुटलेला क्रमच आधी दिसतो. मूळ प्रती आणि झेरॉक्सचे दोन संच. एखादा विषय अजून बाकी असेल तर तो विचारायच्या आत सांगा, परीक्षा कोणत्या महिन्यात तेही. 'रिचेकिंगला टाकलाय' हे सांगण्यासारखं उत्तर नाही.

चाकणला जायचं असेल तर आदल्या दिवशी पोचा. जळगावहून रात्रभर गाडीत बसून सकाळी नऊला गेलं की बीम सोडा, स्वतःचा एसजीपीएही आठवत नाही. ती चार वाक्यं इंग्रजीतही बोलून ठेवा, पण समोरचा मराठीत विचारत असेल तर उगाच इंग्रजीत शिरू नका. रेझ्युमेत टक्के गाळू नका. गाळले की खुर्चीवर टेकायच्या आत पहिला प्रश्न तोच येतो.