ब्लीचमध्ये आम्ल नको, पाणी घाला

ब्लीचमध्ये तांबडा लिटमस कागद बुडवला की तो आधी निळा होतो आणि काही क्षणांतच पांढराफटक पडतो. निळा होतो तो अल्कलीमुळे (आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ), पांढरा पडतो तो ऑक्सिडीकरणामुळे. ब्लीच वापरताना घरोघरी होणाऱ्या बहुतेक चुका या दोन गुणांमधलं नातं लक्षात न आल्यामुळे होतात. (पीएच म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप: ७ च्या खाली आम्ल, वर अल्कली. तो कागदाने मोजणार असाल, तर पहिल्या एक-दोन सेकंदांत दिसलेला रंगच धरा. नंतर कागदावरचा रंग उरतच नाही.)

थंड, विरल कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात क्लोरीन वायू सोडला की सोडियम हायपोक्लोराइट, मीठ आणि पाणी तयार होतं; हेच द्रावण म्हणजे ब्लीच. हायपोक्लोराइटचे जितके रेणू, तितकेच मिठाचे. हे मीठ लक्षात ठेवा, पुढे घात करण्यात त्याचा वाटा आहे. तयार द्रावणात कॉस्टिक मुद्दाम थोडा जास्त ठेवतात, त्यामुळे बाटलीतल्या ब्लीचचा पीएच ११ ते १३ च्या दरम्यान असतो. ब्लीच बोटांना बुळबुळीत लागतं, कारण कातडीवरच्या तेलाचा साबण होऊ लागलेला असतो. तसं जाणवलं की लगेच भरपूर पाण्याने हात धुवा. त्यावर व्हिनेगर किंवा लिंबू चोळू नका.

आता मुख्य मुद्दा. जंतू मारण्याचं काम प्रामुख्याने हायपोक्लोराइट आयन (विद्युतभारित कण) करत नाही. ते करतं हायपोक्लोरस आम्ल, म्हणजे त्याच आयनाला एक हायड्रोजन जोडलेला रेणू. जंतूंच्या पेशींचा पृष्ठभाग ऋणभारित असतो, त्यामुळे ऋणभारित हायपोक्लोराइट तिथून ढकलला जातो. हायपोक्लोरस आम्लाच्या रेणूवर भार नसतो, म्हणून तो आवरणातून सहज आत शिरतो. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशीसुद्धा जंतूंशी लढताना हेच आम्ल तयार करतात.

या दोन रूपांचं प्रमाण पीएचवर ठरतं. पीएच ७.५ असेल तर दोन्ही निम्मी-निम्मी. ६.५ ला सुमारे ९१ टक्के आम्ल, ८.५ ला जेमतेम ९ टक्के, आणि ११ ला दर १०,००० रेणूंमागे तीनच. म्हणजे बाटलीतल्या ब्लीचमध्ये खरं काम करणारं रूप जवळजवळ नसतंच. हे मुद्दामच केलेलं आहे, कारण अल्कलीत हायपोक्लोराइट टिकतो.

इथेच अनेकांच्या मनात येतं की थोडं व्हिनेगर घालून पीएच खाली आणावा, ब्लीच जोरकस होईल. कागदावर हे बरोबर आहे. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, हेन्री डेकिन यांनी जखमा धुण्यासाठी जे ०.५ टक्क्यांचं द्रावण बनवलं, त्यातली जादा अल्कली बोरिक आम्लाने कमी केली होती. पण तिथे आम्ल सौम्य होतं, मात्रा मोजून घेतलेली होती आणि द्रावण ताजंच वापरायचं होतं. स्वयंपाकघरात अंदाजाने ओतलेल्या व्हिनेगरला यातलं काहीच लागू होत नाही. पीएच कुठे थांबेल ते आपल्या हातात राहत नाही. तो ५ च्या खाली उतरू लागला की हायपोक्लोरस आम्ल त्या मिठातल्या क्लोराइडशी अभिक्रिया करतं आणि क्लोरीन वायू सुटू लागतो. म्हणजे कारखान्यातली अभिक्रिया उलटी चालू होते.

संडास साफ करण्याच्या हायड्रोक्लोरिक आम्लयुक्त द्रवाशी तर हे क्षणात घडतं. १०० मिली ५ टक्के ब्लीचमध्ये सुमारे ०.०६७ मोल (रेणूंची संख्या मोजायचं एकक) हायपोक्लोराइट असतो. पुरेसं आम्ल मिळालं तर तितकाच क्लोरीन सुटू शकतो, म्हणजे खोलीच्या तापमानाला सुमारे १.६ लिटर. ७ घनमीटरच्या छोट्या बाथरूममध्ये तो पसरला तर हवेत दर दहा लाख भागांत २०० हून जास्त भाग क्लोरीन होतो. जीवाला तत्काळ धोका मानण्याची मर्यादा १० भाग आहे. त्यातला दहावा हिस्सा जरी बाहेर आला तरी मर्यादा ओलांडली जाते. क्लोरीन हवेच्या अडीचपट जड असतो, म्हणून तो आधी जमिनीलगत साठतो, नेमका वाकून घासणाऱ्याच्या तोंडापाशी.

असा वायू सुटला तर भांडं उचलायला किंवा वर काही ओतायला थांबू नका. बाहेर मोकळ्या हवेत या. खोकला थांबला तरी फुप्फुसांत पाणी साचायला काही तास लागू शकतात, म्हणून डॉक्टरांना दाखवाच. आम्लाचा द्रव आणि ब्लीच एकाच दिवशी, एकाच जागी वापरू नयेत असं माझं ठाम मत आहे. संडासाच्या नळीच्या वळणात आम्ल साचून राहतं आणि एकदा पाणी सोडून ते पुरतं जात नाही.

अमोनियाचंही तसंच आहे. अमोनियायुक्त काचसफाईचा द्रव किंवा लघवी ब्लीचमध्ये मिसळली तर क्लोरामाइनं तयार होतात, आणि तीही श्वसनमार्ग जाळतात. लघवी सांडलेली जागा आधी पाण्याने धुवा, मगच ब्लीच लावा.

मग जोर वाढवायचा कसा? पाण्याने. विरल केल्यावर पीएच आपोआप उतरतो आणि कामाच्या रूपाचा वाटा वाढतो. पीएच १० ला तो दर १,००० मागे ३ रेणू असतो, म्हणजे ११ च्या मानाने दहापट. शिवाय जसजसं आम्ल जंतूंवर खर्च होतं, तसतसा उरलेला हायपोक्लोराइट त्याची जागा भरून काढतो. म्हणून घाई न करता पृष्ठभाग १० मिनिटं ओला ठेवणं महत्त्वाचं.

पाण्याचे भाग काढायची रीत सोपी आहे. बाटलीवरचा टक्का भागिले हवा असलेला टक्का, त्यातून एक वजा. साध्या पृष्ठभागांना ०.१ टक्का पुरतो. ब्लीच ५ टक्क्यांचं असेल तर एका भागाला ४९ भाग पाणी, म्हणजे २० मिली ब्लीच आणि ९८० मिली पाणी. रक्त सांडलेल्या जागी ०.५ टक्का घ्या, म्हणजे एका भागाला ९ भाग पाणी. पाणी थंडच हवं. गरम पाण्यात हायपोक्लोराइटचं क्लोरेट होतं आणि क्लोरेट इथे निरुपयोगी आहे.

आधी साबणाने घासून, खळखळून धुवून घ्या. मळ, अन्नकण, रक्त ही सगळी सेंद्रिय द्रव्यं क्लोरीन खाऊन टाकतात आणि जंतूंच्या वाट्याला काही उरत नाही. द्रावण फुकट गेल्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण. लोखंडाच्या गंजाच्या डागावर ब्लीच लावू नका, डाग उलट पक्का बसतो. लोकर आणि रेशीम प्रथिनांचे असल्यामुळे विरतात. ॲल्युमिनियमला अल्कली खाते, तर स्टेनलेस स्टीलवर क्लोराइडमुळे बारीक खड्डे पडतात, म्हणून १० मिनिटं झाली की ते पाण्याने धुवून काढा.

साठवणुकीत पुन्हा पीएच येतो. झाकण सैल राहिलं तर हवेतला कार्बन डायऑक्साइड आत विरघळून अल्कली हळूहळू मारतो, आणि पीएच ११ च्या खाली गेला की विघटन वेग घेतं. तापमान १० अंशांनी वाढलं तर वेग साधारण तीन-चार पट होतो. तांबं, निकेल यांचे कण पडले तर ऑक्सिजन सुटून बाटली फुगते, म्हणून धातूचा चमचा आत घालू नका आणि उरलेलं द्रावण परत बाटलीत ओतू नका. अपारदर्शक प्लास्टिकची मूळ बाटली, सावली आणि थंड जागा इतकं सांभाळा. विरल द्रावणात जादा अल्कली फारशी उरलेली नसते, म्हणून ते रोज ताजं करा.