पेवातली हळद, डीमॅटमधले शेअर

मार्केट यार्डातली नोकरी सुटून 6 वर्षं झाली, तरी सांगलीत कुणी भेटलं की बोलणं हळदीच्या दरावरून शेअरवर येतंच. "काका, बाजार असा डळमळतोय. शेअर ठेवायचे की काढायचे?" तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहितोय. यातलं बरंचसं मी पैसे घालवून शिकलोय.

आमच्याकडे 'धरून ठेवणं' कुणाला शिकवावं लागत नाही. मी हळदीच्या अडतीत 31 वर्षं दिवाणजी होतो. कृष्णा-वारणेच्या संगमावर, हरिपुरात, जमिनीत खोल पेवं असायची. हळद भरायची, तोंड बंद करायचं आणि दर येईपर्यंत थांबायचं. माल वर्षानुवर्षं टिकायचा. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नसे. आधी बराच वेळ तोंड उघडं ठेवायचं, मग दोरीला बांधून कंदील खाली सोडायचा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हमाल काठावर ओणवा होऊन ज्योतीकडे बघत होता आणि आजूबाजूला सगळे गप्प. कंदील विझला तर माणूस उतरवायचा नाही, असा नियम. त्या दिवशी ज्योत नीट राहिली आणि मगच तो उतरला.

2007 च्या दिवाळीत मी पायाभूत सुविधांच्या एका कंपनीचे 200 शेअर 480 रुपयांनी घेतले. घरावर माडी चढवायला साठवलेले पैसे होते. 2008 च्या जानेवारीत मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक सेन्सेक्स 21,000 च्या वर गेला आणि ऑक्टोबरात 8,000 च्या खाली आला. मधे माझा शेअर 310 वर आला तेव्हा सरासरी खाली येईल म्हणून आणखी 150 घेतले. 'विकत नाही तोवर तोटा नाही' हे वाक्य त्या काळात मी घरात किती वेळा म्हटलं असेल! सगळेच तसं म्हणत होते, आणि बाजारापुरतं ते खरंही ठरलं: 2010 च्या नोव्हेंबरात सेन्सेक्स परत 21,000 वर होता. माझा शेअर मात्र आला नाही. कंपनीवरचं कर्ज दरवर्षी वाढत होतं, ताळेबंदात ते छापलेलं होतं, आणि आयुष्यभर दुसऱ्याच्या खतावण्या लिहिलेल्या मी तो ताळेबंद एकदाही उघडला नाही. 2019 मध्ये 9 रुपयांनी सगळे काढले. 1,42,500 चे 3,150 झाले. माडी अजून व्हायची आहे.

म्हणून 'धरून ठेवा' असं कुणी म्हणालं की मी आधी विचारतो, काय धरून ठेवलंय? सेन्सेक्समधल्या 30 कंपन्या कायमच्या नसतात. 2009 च्या जानेवारीत सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीचा घोटाळा उघड झाला, त्याच महिन्यात तिला काढून सन फार्माला घेतलं. म्हणजे निर्देशांकाचा फंड (निर्देशांकातल्याच कंपन्यांचे शेअर घेणारा) धरून ठेवणाऱ्याच्या वतीने सडका माल कुणीतरी निवडून काढत असतं. एकेक शेअर धरून ठेवणाऱ्याला ते काम स्वतःच करावं लागतं. मी शेअर घेणाऱ्यांना सौद्याच्या भाषेत सांगतो: हाच माल आज पहिल्यांदा समोर आला, तर या दराला बोली लावाल का? नाही म्हणत असाल, तर काढा; आपण कधीकाळी कितीला घेतला होता हे बाजाराला माहीत नसतं.

आणि निर्देशांकालाही वेळ लागतो, कधीकधी फार. हर्षद मेहताच्या तेजीत, 1992 च्या एप्रिलमध्ये, सेन्सेक्स 4,400 च्या वर होता. 2003 च्या एप्रिलमध्ये तो 3,000 च्या आसपास होता. जपानच्या निक्केईने 1989 च्या डिसेंबरचा उच्चांक ओलांडला तो 2024 मध्ये. मधे लाभांश मिळत राहतो हे खरं, पण मुलीचं लग्न 34 वर्षं थांबत नाही.

याचा अर्थ घाबरून सगळं विकावं असा नाही, कृपा करून तसा घेऊ नका. 23 मार्च 2020 ला सेन्सेक्स एका दिवसात 3,900 अंकांनी पडला. आमच्या जिल्ह्यात इस्लामपुरात कोरोनाचे रुग्ण सापडले ते त्याच दिवसांत. माझ्या ओळखीच्या दोघांनी त्या आठवड्यात सगळे फंड मोडले. वर्ष संपायच्या आत बाजार आधीच्या उच्चांकाच्या पुढे गेला होता. त्या दोघांपैकी एकाला त्या पैशांची पुढची 10 वर्षं गरज नव्हती. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

पैसे कधी लागणार आणि धरलेला माल टिकणार का, हे दोन्ही हळदीनंही दाखवलं. 2010 साली क्विंटलला 15,000 च्या वर गेलेली हळद दोनेक वर्षांत 5,000 च्या खाली आली. आणखी चढेल म्हणून थांबलेले शेतकरी दुकानात येऊन नुसते बसून राहायचे. ज्यांना सोसायटीचं कर्ज भरायचं होतं, त्यांना त्या दरानं द्यावीच लागली. 2005 च्या महापुरात तर हरिपूरच्या पेवांत पाणी शिरलं. दर कितीही असता तरी त्या मालाचा काय उपयोग होता?

परवा शेजारच्या वहिनी कागद घेऊन आल्या. मुलीची इंजिनिअरिंगची फी जुलैत भरायचीय, आणि सगळे पैसे शेअर नि फंडात. फीएवढे पैसे आधी काढून बँकेत ठेवायचे, हे दोन मिनिटांत ठरलं. निर्देशांकाचा फंड तसाच ठेवला, दरमहा पैसे भरायची एसआयपीही चालू ठेवली. मग तीन कंपन्यांचे शेअर उरले. दोन कंपन्यांचं त्यांना नीट सांगता आलं: काय बनवतात, कर्ज किती. तिसरी काय करते हेच त्यांना आठवेना. भाच्यानं सांगितलं म्हणून घेतला होता. म्हणाल्या, "उद्या वाचून येते, भावजी." मी त्यांना वार्षिक अहवालात कर्जाचं पान कुठं असतं ते दाखवून ठेवलंय.