आठवीपर्यंतच

"काकी, मी आता नववीत गेले ना. शाळेतलं जेवण आठवीपर्यंतच असतं."

देवगडजवळच्या एका हायस्कुलात आज मधल्या सुट्टीत मटकीच्या उसळीचा वास व्हरांडाभर पसरला होता. ती सहावीतल्या भावाशेजारी बसलेली. त्याच्या ताटातला एकच घास घेतला आणि ताट पुन्हा त्याच्यापुढे सरकवलं. सकाळी चहा-चपाती खाऊन पहिल्या एसटीने येते पोर.

शाळेत दुपारचं जेवण देण्याची ही सरकारी योजना १९९५ पासून आहे. सहावी ते आठवीला रोज १५० ग्रॅम तांदूळ, नववीत गेलं की काहीच नाही. अंगाने वाढायचं वय तर हेच! मुलींना लोह लागतं ते याच वयात.

आमदारांना पत्र लिहायला घेतलंय: बारावीपर्यंत सगळ्यांना भात, उसळ, भाजी, अंडं द्या, बजेटमध्ये तेवढे पैसे ठेवा. सही कराल ना तुम्ही?