कोरम नोबिस म्हणजे काय रे भाऊ?

परवा झोप येत नव्हती म्हणून मोबाईलवर अमेरिकेतल्या जुन्या केसेस वाचत पडलो होतो (असतात एकेकाचे छंद), त्यात कोरम नोबिस या रिटपाशी (म्हणजे कोर्टाचा एक खास आदेश) अडकलो. लॅटिन शब्द, अर्थ साधारण ‘आमच्यासमोर’. म्हणजे ज्या कोर्टाने दोषी ठरवलं तिथेच परत जायचं आणि म्हणायचं, साहेब, तेव्हा तुमच्यापुढे जे मांडलं त्यातच घोळ होता. अपील नाही हे. अपिलाची मुदत कधीच गेलेली असते, शिक्षाही भोगून झालेली असते, फक्त नावाला चिकटलेला शिक्का उरलेला असतो.

यातली गाजलेली केस फ्रेड कोरेमात्सूची. ओकलंडमध्येच जन्मलेला पोरगा, वेल्डर. पर्ल हार्बरनंतर १९४२ मध्ये रूझवेल्टने ऑर्डर काढली आणि जपानी वंशाच्या १ लाख २० हजार लोकांना उचलून छावण्यांत टाकलं, त्यातले बहुतेक अमेरिकन नागरिकच बरं का. हा गेला नाही, पकडला गेला, दोषी ठरला आणि १९४४ मध्ये सुप्रीम कोर्टातही ६ विरुद्ध ३ ने हरला. लष्करी गरज होती म्हणे.

आता पुढचं ऐका. पश्चिम किनाऱ्याचा लष्करी प्रमुख जनरल डीविट याने या उचलाउचलीवर दिलेल्या रिपोर्टच्या पहिल्या छापील प्रतीत होतं की या लोकांत निष्ठावंत कोण हे ओळखणंच अशक्य आहे, वेळ कमी पडण्याचा प्रश्नच नाही. हे कोर्टात गेलं असतं तर पंचाईत, मग वाक्य फिरवून ‘वेळच नव्हता हो’ असं केलं, नवीन प्रती छापल्या आणि जुन्या नष्ट केल्या. एक वाचली! ती चाळीस वर्षांनी नॅशनल आर्काइव्हजमध्ये आयको हर्झिग-योशिनागा या बाईंच्या हाती लागली, ज्या स्वतः तरुणपणी छावणीत राहिलेल्या. आणि पीटर आयरन्स या प्राध्यापकाला न्याय खात्याच्याच वकिलांचे मेमो सापडले, की नौदलाच्या गुप्तचरांचं म्हणणं डीविटपेक्षा वेगळं आहे, ते कोर्टाला सांगितलं नाही तर पुरावा दडवल्यासारखं होईल. तरी दडवलंच.

नोव्हेंबर १९८३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जज मेरिलिन हॉल पटेल (आडनाव वाचून मीही दोनदा बघितलं) यांनी शिक्का पुसला.

पण या रिटने दुरुस्त होते ती वस्तुस्थितीतली चूक, कायद्यातली नाही, आणि खालचं कोर्ट सुप्रीम कोर्टाचा निकाल कसा उलटवणार? आपल्याकडे निदान रिव्ह्यू (पुनर्विचाराचा अर्ज) फेटाळला तरी २००२ च्या रूपा हुर्रा निकालापासून क्युरेटिव्ह पिटिशन (चूक सुधारा म्हणून शेवटचा अर्ज) घेऊन त्याच सुप्रीम कोर्टात जाता येतं, फार क्वचित मान्य होते ती गोष्ट वेगळी. तिकडे माणूस सुटला, निकाल पुस्तकात तसाच.

कोरेमात्सू २००५ मध्ये गेला. सुप्रीम कोर्टाने तो निकाल साफ चुकीचा होता असं लिहिलं ते २०१८ मध्ये, आणि तेही कुठे, तर ट्रम्पची प्रवासबंदी कायम ठेवणाऱ्या निकालात.