जाताना दहा, येताना नऊ

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत घराआड कुणाचा तरी मुलगा नाहीतर मुलगी परदेशात. त्यामुळे संध्याकाळी बाकावर जमणाऱ्या मंडळींना विमानांच्या वाटा एसटीच्या थांब्यांसारख्या पाठ. मुंबई-लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर, न्यूयॉर्क साडेबारा हजार. पण हे आकडे कुणी विचारत नाही. प्रश्न एकच, "किती तास?"

त्याचं उत्तर जायचं वेगळं आणि यायचं वेगळं. लंडनला जाताना साधारण दहा तास, परतताना नऊ. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा जोरदार झोत वाहतो, हिवाळ्यात त्याला आणखी चेव येतो. जाताना तो तोंडावर, येताना पाठीशी. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना हे पटत नाही. "माहेरी येताना पाय उचलतातच," असं त्यांचं म्हणणं. ते बरंच टिकलं. मग तिसऱ्या मजल्यावरच्यांची लेक टोकियोला गेली. तिचं विमान जाताना लवकर पोचलं आणि येताना रखडलं, कारण तिकडून येताना तोच वारा समोरून. काकूंनी जपानपुरता अपवाद केला आहे.

भिंतीवरच्या नकाशाने तर फारच घोळ घातलाय. त्यात न्यूयॉर्क सरळ डाव्या हाताला. मोबाइलवर मुलाचं विमान उत्तरेकडे निघालेलं दिसलं की आजोबांच्या छातीत धस्स होतं. वाट चुकलं की काय! पण नातवाच्या पृथ्वीगोलावर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत दोरा ताणून धरला, तर तो आपोआप वर उत्तरेकडे चढतो, आणि सगळ्यात जवळची वाट तीच. अर्थात विमानं नेहमी दोऱ्यावरूनच जातात असं नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा आपल्या कंपन्यांना युरोप-अमेरिकेसाठी वळसे घ्यावे लागले. शहरं होती तिथेच, तास तेवढे वाढले.

घड्याळाचा गोंधळ आणखी निराळा. उन्हाळ्यात लंडनहून रात्री नऊला सुटलेलं विमान इथे सकाळी साडेदहाच्या सुमाराला उतरतं. आजोबा सरळ साडेतेरा तास मोजतात. मधले साडेचार तास दोन देशांच्या घड्याळांतल्या फरकाचे, हे त्यांना ठाऊक आहे, पण वजा करायला ते तयार नाहीत. पोरगं दमलंय म्हणजे दमलंय.

खरी मेख मात्र जमिनीवर. हवेतल्या नऊ तासांचा अंदाज वैमानिक छातीठोकपणे सांगतो. कापूरबावडी ते तीन हात नाका या पट्ट्याची हमी द्यायला कुणी पुढे येत नाही. तीन तास आधी पोचायचं, त्यात जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर अडकण्याची धास्ती, म्हणून रात्री अडीचच्या विमानासाठी लोक आठलाच जेवून बॅगा खाली आणतात. विमान किती तासांचं, हे सांगताना हे तास कुणीच धरत नाही, आणि मला ते फसवाफसवीचं वाटतं.

८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं आणि बाकाला नवा विषय मिळाला. आता "किती वाजता?"च्या आधी "कुठल्या विमानतळावर?" तिकडे जायचं तर ठाणे-बेलापूर रस्ता धरायचा. तो बरा की आपला नेहमीचा हायवे, यावरून सध्या दोन तट पडलेत. ऐरोलीचे मेहुणे आले की तिसरा पडतो.