सांभाळणाऱ्या माणसाचं काय?

आज दिवसभर ऐरोलीला मावशीकडे होते. तिच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या बिघाडामुळे हालचालींवर ताबा नसणं) आहे, आता पंचविशी ओलांडली त्याने आणि वजन मावशीपेक्षा जास्त. व्हीलचेअरवर घेताना ती आधी ब्रेक लावते, मग त्याचे हात स्वतःच्या गळ्यात अडकवते, गुडघे वाकवते आणि एका दमात उचलते, कंबरेला पट्टा बांधूनच. नोकरी कधीच सुटली तिची.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात, कलम २४ मध्ये, जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्ता चक्क लिहिलेला आहे. केरळमध्ये आश्वासकिरणम योजनेत सांभाळणाऱ्याला महिना ६०० रुपये ठरवलेत, फारच कमी आहेत, पण निदान ते काम आहे हे सरकारने मानलं तरी! आपल्याकडे संजय गांधी निराधार योजना आहे पण ते पैसे दिव्यांग व्यक्तीचे, त्यातही उत्पन्नाची अट. इन्कम टॅक्समध्ये अवलंबून असलेल्या दिव्यांग नातेवाईकासाठी ७५ हजारांची वजावट मिळते, ८० टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर सव्वा लाख, तीही जुन्या रिजीममध्येच, आणि जिची कमाईच थांबलीय तिला त्या सवलतीचा काय उपयोग सांगा. मला खरंच राग येतो याचा. भत्ता थेट मावशीच्या खात्यात यायला हवा, तिच्या नावाने.

आणि हो, घरी ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविकलांगता असलेलं कोणी असेल तर निरामय आरोग्य विमा काढला नसेल तर काढा, १ लाखापर्यंत कव्हर आहे, फॉर्म भरायला मदत लागली तर मला मेसेज करा.